मुक्ताईनगरचे दोन विरोधी पक्षनेते: राज्याच्या राजकारणात कारकीर्द घडते कशी?

जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, चांगदेवला तापी आणि पूर्णा मिळतात त्या पट्ट्यात मुक्ताईनगर विधानसभा मतदारसंघ आहे. पूर्वीचा एदलाबाद. एका बाजूला बऱ्हाणपूर, म्हणजे मध्य प्रदेश. दुसऱ्या बाजूला मलकापूर, म्हणजे विदर्भ. मुंबईपासून इतक्या लांबच्या या मतदारसंघानं महाराष्ट्र विधानसभेला दोन विरोधी पक्षनेते दिले. काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील आणि भाजपचे एकनाथराव खडसे. ताई पुढं राष्ट्रपती भवनात गेल्या. नाथाभाऊ महसूलमंत्री झाले, दीड वर्षातच राजीनामा द्यावा लागला, आणि नंतर दुसऱ्या पक्षातून विधान परिषदेत पोचले.

मतदारसंघ एक, माती एक, केळी-कापसाचे प्रश्नही तेच. मग दोघांच्या वाटा इतक्या वेगळ्या का झाल्या? पारावर याचं उत्तर नशीब, जात किंवा दिल्लीची मर्जी असं मिळतं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण राज्याच्या राजकारणाची यंत्रणा कशी चालते हे कळलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो, आणि आपल्या आमदाराकडून काय मागायचं हेही नीट कळतं. माझ्या मते मंत्रीपद ही कारकिर्दीतली सगळ्यात ठळक पण सगळ्यात कच्ची पायरी आहे. माणूस टिकतो तो गावातल्या संस्थांवर आणि पक्षातल्या वजनावर.

आधी थोडं गणित. खानदेशात विधानसभेच्या वीस जागा आहेत: जळगाव जिल्ह्यात ११, धुळ्यात ५, नंदुरबारात ४. त्यातल्या सात अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत (चोपडा, साक्री, शिरपूर आणि नंदुरबारच्या चारही), तर भुसावळ अनुसूचित जातींसाठी. सभागृह २८८ जणांचं. म्हणजे सगळे खानदेशी आमदार एका पक्षाचे असले तरी त्यांच्या जोरावर सरकार बनत नाही. १९६० पासून आजवर खानदेशचा एकही माणूस मुख्यमंत्री झालेला नाही. विदर्भ, मराठवाडा, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, सगळ्यांना हे पद मिळालं. ही सल आपल्याकडे खोल आहे आणि ती खोटी नाही.

सोसायटीपासून सुरुवात

आमदार निवडणुकीच्या वर्षात तयार होत नाही. त्याची तयारी विविध कार्यकारी सोसायटीत, म्हणजे आपण ज्याला 'विकासो' म्हणतो तिथं, कितीतरी आधी सुरू झालेली असते. पीककर्ज जिल्हा बँकेकडून येतं, पण शेतकऱ्याच्या हातात पडतं ते विकासोमार्फत. एप्रिल-मे महिन्यात, बियाणं घ्यायच्या आधी, कोणाचं कर्ज मंजूर होतं, कोणाचं जुनं-नवं होतं (जुनं फेडून लगेच नवं मिळतं), कोणाची थकबाकी निघते, हे गटसचिव (सोसायटीचा सचिव) आणि संचालक मंडळाच्या टेबलावर ठरतं. ज्या घरातला माणूस तिथं चेअरमन, त्या घराकडे गाव वळतंच.

आता साखळी बघा. गावचे सभासद विकासोचे संचालक निवडतात. प्रत्येक विकासोचा प्रतिनिधी जिल्हा बँकेच्या निवडणुकीत मत देतो. बाजार समितीच्या संचालक मंडळात अठरा जागा असतात: अकरा सोसायट्यांच्या संचालकांनी निवडायच्या, चार ग्रामपंचायत सदस्यांनी, दोन व्यापाऱ्यांनी आणि एक हमाल-मापाड्यांनी. याचा अर्थ तालुक्यातल्या विकासो आणि ग्रामपंचायती ज्याच्या गटाकडे, बाजार समिती त्याची. बाजार समिती आणि बँक ज्याची, त्याच्याकडे गावोगाव माणसं असतात. विधानसभेला बूथवर बसायला, यादी घेऊन दारोदार फिरायला, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवून आणायला हीच माणसं लागतात. त्यांना पगार नसतो. त्यांना कर्ज, नोकरी, बदली, ऊस-कापसाचं माप अशा कामात 'आपला माणूस' हवा असतो.

म्हणून जळगाव जिल्हा बँकेची किंवा दूध संघाची निवडणूक लागली की मंत्री, खासदार, आमदार सगळे तालुक्या-तालुक्यात तळ ठोकून बसतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, दुधाच्या संघासाठी एवढी धावपळ कशाला? पण २०२२ च्या डिसेंबरमध्ये जळगाव दूध संघाची निवडणूक झाली तेव्हा जिल्ह्याचं राजकारण त्यावर हललं. खडसे गटाकडची सत्ता गेली आणि चाळीसगावचे आमदार मंगेश चव्हाण अध्यक्ष झाले. खडसे यांचा पक्ष राज्यातल्या सत्तेतून जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. मुंबईतली सत्ता गेली की जिल्ह्यातल्या संस्थांवर लगेच गदा येते, हे त्या निकालात स्पष्ट दिसलं.

खडसे स्वतः याच वाटेनं वर आले. कोथळी हे त्यांचं गाव. तिथलं सरपंचपद, मग १९९० मध्ये विधानसभा. भाजपचेच गिरीश महाजनही जामनेरच्या सरपंचपदापासून सुरुवात करून १९९५ मध्ये आमदार झाले आणि २०२४ पर्यंत सलग सात वेळा निवडून आले. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नावांची पहिली ओळ ग्रामपंचायतीतच लिहिलेली असते.

प्रतिभाताईंची नव्हती. त्यांचा प्रवास वेगळ्या काळातला.

एदलाबादच्या ताई

नाडगावात जन्म, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिक्षण, मुंबईत कायद्याची पदवी, आणि जळगावात वकिली. १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगाव मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आल्या. खानदेशात काँग्रेसची मुळं तेव्हा फार घट्ट होती. १९३६ च्या डिसेंबरमध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात झालेलं ते पहिलं अधिवेशन. त्या पिढीतले कार्यकर्ते अजून हयात आणि कामात होते. पक्षाचं तिकीट म्हणजे अर्धी लढाई जिंकल्यासारखंच होतं.

१९६७ ला त्या एदलाबादला आल्या आणि १९८५ पर्यंत तिथूनच निवडून येत राहिल्या. वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात पहिली पाच वर्षं त्या उपमंत्री होत्या. आज उपमंत्री हे पद दिसत नाही, पण तेव्हा नव्या माणसाला कारभार शिकवायची ती जागा होती. सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, गृहनिर्माण, संसदीय कामकाज अशी खाती हाताळून १९७२ मध्ये त्या कॅबिनेट मंत्री झाल्या: समाजकल्याण, आरोग्य, सांस्कृतिक कार्य, पुढं शिक्षण. पायरी पायरीनं वर जाणं म्हणजे काय, हे त्यांच्या खात्यांच्या यादीत दिसतं.

खरी परीक्षा १९७८ ला झाली. शरद पवार काँग्रेस सरकारमधून बाहेर पडले आणि पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं. ज्यांना सत्तेत राहायचं होतं त्यांच्यासाठी दार उघडं होतं. प्रतिभाताई इंदिरा गांधींच्या काँग्रेससोबत राहिल्या आणि १९७९ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. पडत्या काळात पक्षाबरोबर राहिलेल्या माणसाची नोंद पक्ष ठेवतो. ती नोंद लगेच कामाला येतेच असं नाही. १९८० मध्ये काँग्रेस सत्तेत परतली तेव्हा मुख्यमंत्रीपद अंतुल्यांकडे गेलं, आणि ताई पुन्हा मंत्रिमंडळात आल्या त्या १९८२ मध्ये. पण १९८५ ला राज्यसभा, मग राज्यसभेचं उपसभापतीपद, १९८८ ला प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपद, १९९१ ला अमरावतीतून लोकसभा, २००४ ला राजस्थानचं राज्यपालपद आणि २००७ ला राष्ट्रपतीपद, ही सगळी वाट त्या एका वर्षाच्या निष्ठेतून निघालेली दिसते. मतदारसंघानं त्यांना अठरा वर्षं दिली. पुढची सगळी वर्षं पक्षानं दिली. एवढ्या लांबच्या पल्ल्यात त्यांनी एदलाबाद सोडलं आणि पुन्हा तिथून विधानसभा लढवली नाही. हाही एक सौदा असतो. दिल्लीला गेलेला माणूस तालुक्याच्या रोजच्या राजकारणातून उठतो.

मंत्र्याच्या हातात नेमकं काय असतं

आपल्याकडे समज असा की मंत्री झाला म्हणजे पैसा आला. प्रत्यक्षात कागद कसा चालतो, ते एका साध्या कामावरून बघू.

समजा, यावल तालुक्यातल्या एका शिवारात नाल्यावर फरशी पूल हवाय. पावसाळ्यात केळीची गाडी बांधावरून निघत नाही, घड वावरातच पिकतात. ग्रामपंचायत ठराव करते. आमदार पत्र देतात. शाखा अभियंता जागेवर येऊन ढोबळ अंदाजपत्रक करतो. मग ठरायचं असतं की काम कोणत्या लेखाशीर्षात, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या सदरात, बसवायचं. ग्रामविकासाच्या 'पंचवीस-पंधरा'त? रस्त्यांच्या 'तीस-चोपन्न' किंवा 'पन्नास-चोपन्न'मध्ये? जिल्हा नियोजनातून? की आमदार निधीतून? तालुक्यातले कार्यकर्ते हे आकडे तोंडपाठ म्हणतात, कारण सगळा खेळ इथंच असतो. लेखाशीर्ष ठरलं की प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. प्रत्येक टप्प्यावर फाइल अडू शकते. आणि सगळं झालं तरी एक गोष्ट उरते: अर्थसंकल्पात 'तरतूद' होणं आणि निधी 'वितरित' होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरतूद कागदावर, वितरण तिजोरीतून. भूमिपूजनाचा फलक लागतो आणि पुढं दोन पावसाळे काहीच हलत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

मंत्र्याची ताकद इथं कळते. आपल्या खात्यात कोणत्या कामांना मान्यता द्यायची, पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतरच्या जादा तरतुदीत) कोणती कामं घालायची, आलेला निधी आधी कुठं सोडायचा, हे त्याच्या सहीनं होतं. पण वित्त विभागाचा अभिप्राय आणि मुख्यमंत्र्यांची संमती यांच्या पलीकडे त्याला जाता येत नाही. राज्यमंत्र्याचे अधिकार तर त्याहून कमी. कॅबिनेट मंत्री जेवढे सोपवतील तेवढेच.

पालकमंत्री हे पद आणखी वेगळं. राज्यघटनेत त्याचा उल्लेखच नाही. पण जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं, जिल्हाधिकारी त्या समितीचे सदस्य-सचिव असतात, आणि जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यातला रुपया कोणत्या तालुक्यात जाणार हे तिथं ठरतं. म्हणून त्यासाठी रस्सीखेच चालते. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या पालकमंत्रीपदी गिरीश महाजनांचं नाव जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती द्यावी लागली. खातं हातात असूनही मंत्री जिल्ह्यासाठी का भांडतात, याचं उत्तर त्या समितीच्या अध्यक्षांच्या खुर्चीत आहे.

आता मोठ्या कामाकडे येऊ. अमळनेर तालुक्यात तापीवरचं पाडळसरे धरण, सरकारी कागदावर 'निम्न तापी प्रकल्प'. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काम सुरू झालं, तेव्हा अंदाज दीडशे कोटींच्या आतला होता. आज तो काही हजार कोटींवर गेलाय आणि पाणी अजून शेतात पोचलेलं नाही. या काळात जळगाव जिल्ह्याच्या दोन माणसांकडे राज्याचं पाटबंधारे खातं होतं: शिवसेना-भाजप युती सरकारात एकनाथराव खडसे, आणि २०१४ ते २०१९ गिरीश महाजन. दोघंही तापीच्या खोऱ्यातले. १९९७ मध्ये तापी पाटबंधारे विकास महामंडळही झालं, त्याचं कार्यालयही जळगावलाच आलं. तरी धरण पूर्ण झालं नाही. का?

एक कारण 'सुप्रमा'. काम रेंगाळलं की दर वाढतात, जुन्या मंजुरीची रक्कम संपते, मग सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. ती मिळेपर्यंत काम मंदावतं, मंदावलं की पुन्हा दर वाढतात. पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द हाच असेल.

दुसरं कारण फारसं बोललं जात नाही, आणि माझ्या मते खानदेशच्या प्रत्येक मतदाराला ते माहीत असायला हवं. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळं झाली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. सिंचनाचा निधी वाटताना राज्यपालांचे निर्देश या तीन विभागांच्या हिशेबानं असत. खानदेश 'उर्वरित महाराष्ट्रा'त गेला, म्हणजे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर यांच्या रांगेत. कृष्णा खोऱ्यातल्या धरणांचा आकडा आणि साक्री-नंदुरबारच्या कोरड्या शिवाराचा आकडा एकाच बेरजेत. त्या सरासरीत आपला अनुशेष बुडून गेला. मंत्री कितीही वजनदार असो, वाटपाची चौकटच अशी असेल तर एका खात्याच्या बळावर तो ती मोडू शकत नाही. चौकट बदलायला मुख्यमंत्रीपद लागतं, किंवा वीसच्या वीस आमदारांनी पक्ष विसरून एकत्र मागणी लावून धरावी लागते. पहिलं आपल्याला मिळालं नाही. दुसरं आपण केलं नाही, आणि याचा मला राग येतो.

नाथाभाऊंचा चढ आणि उतार

१९९० ला भाजपच्या तिकिटावर निवडून येणं आणि १९६२ ला काँग्रेसच्या तिकिटावर निवडून येणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तेव्हा भाजपकडे खानदेशात ना सहकारी संस्था होत्या ना जुनी घराणी. पक्ष बांधायचा आणि मतदारसंघही बांधायचा, अशी दुहेरी मेहनत होती. खडसे, महाजन यांच्या पिढीनं ती केली. १९९५ ला युतीचं सरकार आलं आणि खडसे यांच्याकडे अर्थ आणि पाटबंधारे ही खाती आली. १९९९ ला सत्ता गेली ती पंधरा वर्षांसाठी.

विरोधी बाकावरची ही पंधरा वर्षंच मला त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात भरीव वाटतात. विरोधी आमदाराकडे निधी कमी, पण सभागृहाची आयुधं पूर्ण असतात. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावर उपप्रश्न येतात. लक्षवेधी सूचना लागली की त्या विषयावर सरकारला निवेदन करावं लागतं. कपात सूचना खात्याच्या मागण्यांवर बोलायची संधी देते. अधिवेशनाच्या शेवटी विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव असतो. त्यात सगळ्या खात्यांचं पोस्टमॉर्टेम करता येतं. ही आयुधं वापरायला नियमांची पुस्तकं आणि आकडे पाठ असावे लागतात. खडसे यांना ते होते. २००९ मध्ये ते विरोधी पक्षनेते झाले. या पदाला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो आणि सरकारकडून माहिती मागण्याचं वजन असतं. सिंचनावरून २०१२ मध्ये जो गदारोळ झाला आणि सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली, त्या काळात सभागृहात विरोधकांचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं.

हे पद आपोआप मिळत नाही. सभागृहातल्या एकूण संख्येच्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार असलेला विरोधी पक्ष असावा, असा संकेत आहे, आणि मान्यता अध्यक्ष देतात. २०२४ च्या निवडणुकीत विरोधातल्या एकाही पक्षाला एवढ्या जागा मिळाल्या नाहीत. ज्या खुर्चीत मुक्ताईनगरची दोन माणसं बसली, तिचं मोल त्यावरून कळावं.

सप्टेंबर २०१४ मध्ये शिवसेनेशी युती तुटल्याची घोषणा खडसे यांनीच केली. भाजपला १२२ जागा मिळाल्या. मुख्यमंत्रीपदासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं. खानदेशात तर लोकांनी ते धरूनच चाललं होतं. पद देवेंद्र फडणवीसांकडे गेलं. मुख्यमंत्री आमदार निवडतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण राष्ट्रीय पक्षात निरीक्षक येतात आणि दिल्लीत ठरलेलं नाव विधिमंडळ पक्षाच्या बैठकीत मांडलं जातं. ज्येष्ठता, मतदारसंघ, विरोधी पक्षनेतेपद यांचा तिथं उपयोग होतो, पण निर्णय त्यावर होत नाही.

खडसे यांना महसूल, कृषी यांसह अनेक खाती मिळाली. ४ जून २०१६ रोजी भोसरीतल्या जमीन व्यवहारासह झालेल्या आरोपांनंतर त्यांनी राजीनामा दिला. आरोप त्यांनी नाकारले. इथं एक फरक लक्षात ठेवायला हवा: मंत्र्याचा राजीनामा म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. अशा आरोपांवरून आमदारकी जाण्यासाठी न्यायालयाची शिक्षा लागते. मंत्रीपद जायला मुख्यमंत्र्यांचा आणि पक्षाचा विश्वास उडणं पुरेसं असतं. आणि मंत्रीपदं मोजकीच. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३. एक खुर्ची रिकामी झाली की पाच जण वाट बघत असतात. त्याच जिल्ह्यातले, त्याच पक्षातले गिरीश महाजन तोवर जलसंपदा मंत्री होतेच. जिल्ह्यातल्या पक्षाचं केंद्र जामनेरकडे सरकलं.

२०१९ ला उमेदवारी यादीत नाथाभाऊंचं नाव आलं नाही. तिकीट म्हणजे प्रत्यक्षात 'एबी फॉर्म'. पक्षानं सही केलेला हा कागद अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचला तर उमेदवार पक्षाचा, नाही तर अपक्ष. सहा वेळा आमदार राहिलेल्या माणसालाही त्या कागदाविना पक्षाचं चिन्ह मिळत नाही. पक्षानं तो त्यांची मुलगी रोहिणी खडसे यांना दिला. अपक्ष चंद्रकांत पाटील दोन हजारांच्या आतल्या फरकानं जिंकले. तीस वर्षांची जागा त्या दिवशी गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये खडसे राष्ट्रवादीत गेले आणि जून २०२२ मध्ये विधान परिषदेवर निवडून आले.

परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, सात पदवीधर, सात शिक्षक, आणि बारा राज्यपाल नेमतात. खडसे आमदारांच्या मतांवर गेले. म्हणजे जनतेच्या दारात न जाता, पक्षाच्या संख्याबळावर. याच सगळ्या काळात त्यांच्या सूनबाई रक्षा खडसे रावेरमधून भाजपच्या खासदार होत्या. २०१४, २०१९, २०२४ अशा सलग तीनदा, आणि २०२४ ला केंद्रात राज्यमंत्रीही झाल्या. एकाच घरात दोन पक्ष पाहून अनेकांना नवल वाटतं. पण कार्यकर्त्यांची फळी घराभोवती उभी असेल आणि तिकीट पक्षाच्या हातात असेल, तर असं होणारच.

पक्ष फुटतो तेव्हा

रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे मधुकरराव चौधरी १९९० ते १९९५ विधानसभेचे अध्यक्ष होते. त्याआधी राज्याचे शिक्षणमंत्री. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळांनी शिवसेना सोडली, तेव्हा वेगळ्या गटाला मान्यता द्यायची का, हा निर्णय अध्यक्ष म्हणून चौधरींसमोर आला आणि त्यांनी ती दिली. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात त्या वेळी एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' वैध धरली जायची. ९१ व्या घटनादुरुस्तीनं ही सवलत काढून टाकली. आता दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात विलीन झाले तरच संरक्षण आहे.

२०२२ च्या जूनमध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत जळगाव जिल्ह्यातले शिवसेनेचे चारही आमदार गेले: गुलाबराव पाटील, किशोर पाटील, चिमणराव पाटील, लता सोनवणे. मुक्ताईनगरचे अपक्ष चंद्रकांत पाटीलही त्यांच्यासोबत होते. शिंदे गटानं मांडलेली भूमिका विलीनीकरणाची नव्हती; आम्हीच मूळ पक्ष आहोत, अशी होती. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २०२३ मध्ये आला, अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला, आणि जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्षांनी कोणालाही अपात्र ठरवलं नाही. जनतेनं निवडून दिलेल्या माणसानं कोणासोबत राहावं, याचा निवाडा इतकी वर्षं एका पदाच्या हाती आहे आणि ते पद सत्ताधारी पक्षाच्या माणसाकडे असतं. याचा विचार व्हायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं.

मतदारसंघच बदलला तर

कारकीर्द पराभवानंच थांबते असं नाही. शिरपूरचे अमरीशभाई पटेल १९९० पासून आमदार होते, शहरावर त्यांची पकड होती. २००८ च्या पुनर्रचनेत शिरपूर अनुसूचित जमातींसाठी राखीव झालं. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिथं उभंच राहता येणार नव्हतं. काशीराम पावरा तिथून निवडून येऊ लागले आणि अमरीशभाई धुळे-नंदुरबार स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून परिषदेवर गेले. या मतदारसंघात नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समिती सभापती मत देतात. आधी उभ्या केलेल्या संस्था कामाला आल्या त्या इथं. ज्याच्याकडे फक्त मंत्रीपद होतं आणि संस्था नव्हत्या, असा माणूस अशा वळणावर संपला असता.

पावरा, भिल, कोकणी समाजाच्या दृष्टीनं मात्र तीच पुनर्रचना म्हणजे उघडलेलं दार होतं, हे विसरता कामा नये.

असं वळण पुन्हा येतंय. २०२७ च्या जनगणनेनंतर मतदारसंघांची नवी आखणी अपेक्षित आहे, आणि २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनुसार विधानसभेच्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव व्हायच्या आहेत त्या या आखणीनंतरच. खानदेशच्या सध्याच्या वीस जागांच्या हिशेबानं सहा-सात मतदारसंघ. दुसरीकडे, जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं वर्षानुवर्षे तिथं प्रशासक होता. जिल्हा परिषदेच्या ज्या गटांतून आणि पंचायत समितीच्या ज्या गणांतून नव्या बायका-पोरं तयार व्हायची, ती पायरीच एवढा काळ बंद राहिली. राखीव जागा जाहीर झाल्यावर उमेदवार कुठून आणायचे, हा प्रश्न तेव्हा सगळ्या पक्षांपुढं उभा राहील, आणि बहुतेकांचं उत्तर नेत्याची पत्नी, मुलगी किंवा सून असेल.

आखणीचा क्रम ठरलेला असतो: परिसीमन आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती-सूचना मागवतो, जाहीर सुनावणी घेतो, मग अंतिम आदेश काढतो. आदेश निघाल्यावर त्यात बदल करून घेणं जवळपास अशक्य असतं. ग्रामपंचायतींना आणि साध्या नागरिकांना लेखी म्हणणं मांडता येतं ते हरकतींच्या त्या मुदतीतच, म्हणून मसुदा निघाल्यावर आपल्या गावाचं नाव कोणत्या मतदारसंघात आहे ते पहिल्याच आठवड्यात तपासून घ्या.